गुरुवारचा उपास

डॉक्टर पद्मजांनी दोन बोटं जुन्या व्रणावर टेकवली आणि हलकेच दाबली.

"इथं दुखतं?"

"नाही."

"आणि इथं?"

"नाही," क्रांती म्हणाली आणि तिनं मान भिंतीकडं वळवली.

सातवा महिना संपत आला होता. राजवीरच्या जन्माला चार वर्षं होऊन गेली होती, तरी त्या व्रणाला कुणी हात लावला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. ती शाळेत शिकवायची. पोरांच्या पेपरांवर लाल रेघा ओढायची तिला सवय होती. ही एक रेघ मात्र तिच्याच पेपरावर ओढली गेली होती, आणि ती खोडता येत नव्हती.

"पहिलं सिझर कशामुळं झालं?"

"बाळाचे ठोके कमी झाले होते." हे उत्तर तिला पाठ होतं.

"कळा सुरू होत्या तेव्हा?"

"नाही. माहेरी होते मी. नुसतं तपासायला म्हणून गेलो होतो. तिथं डॉक्टर म्हणाले, ठोके पडतायत, लगेच घ्यावं लागेल. ते डॉक्टर आता हयात नाहीत."

डॉक्टर हात धुऊन खुर्चीत येऊन बसल्या. समोरच्या खुर्चीवर राजवर्धन मोबाईलचं कव्हर काढत होता आणि पुन्हा घालत होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बाळ नीट खाली वळलं, तर यावेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. दहाजणींत सहा-सातजणींचं होतं. धोका नाही असं मी म्हणणार नाही. कळांच्या जोरात आतला जुना टाका उसवू शकतो. क्वचित, दोनशेत एखादीचा. पण उसवला तर मग मिनिटांचा खेळ असतो, म्हणून ऑपरेशनची तयारी ठेवूनच हे करायचं. पुन्हा सिझर केलं तर हा धोका टळतो, पण त्याचे धोके वेगळे आहेत. घाई नाही, विचार करा."

"माझ्या अंगाला जमेल?"

"का नाही जमणार? तुमच्या अंगाला अजून संधी तरी कुठं मिळालीय?"

क्रांतीनं नवऱ्याकडं पाहिलं. इतकं चांगलं ऐकून माणूस निदान हसतो. राजवर्धन कव्हरचा कोपरा बसवण्यात गुंतला होता.

शाहूपुरीत तात्यांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, गुळाची अडत होती. खाली दुकान आणि वर घर. तात्या मनानं मोकळे, आवाजानं त्याहून मोकळे. सासूबाई गेल्यापासून सुनेला काय हवं नको ते बघत, बाजारातून येताना तिच्यासाठी आठवणीनं चिंचा आणत. रात्री जेवताना क्रांतीनं डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"नॉर्मल? आणि मग येळ कशी धरायची?"

"कसली वेळ?"

"कसली म्हंजे? गेल्या खेपेला धरलीती तशी. गुरुपुष्य काय त्या महिन्यात गावत न्हाय, पण गुरुजींनी दुसरा दिवस काढून ठेवलाय. फस्क्लास दिवस हाय."

राजवर्धनचा हात ताटातच थांबला. "तात्या, जेवा की गपगार."

"गेल्या खेपेला बाळाचे ठोके कमी झाले होते," क्रांती म्हणाली.

तात्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"आरं, अजून सांगितलं न्हाईस व्हय हिला?"

दुकानाचं उद्घाटन, गाडी, सोनं, सगळं या घरात गुरुपुष्यावरच आलं होतं. नातूही त्याच दिवशी आणला, यात लपवण्यासारखं काय आहे हे तात्यांना खरोखरच कळत नव्हतं. राजवीर गुरुपुष्यावर जन्मला म्हणून सगळ्या बाजारात त्यांनी पेढे वाटले होते, आणि पोर नशीब घेऊन आलं म्हणून क्रांतीही तेव्हा टाक्यांच्या वेदनेत हसली होती. आपल्या नाकावर टिच्चून आपल्यालाच पेढा भरवला गेला, हे तिला आता उमगलं.

खोलीत आल्यावर राजवर्धन पलंगाच्या कडेवर बसला.

"तुला सांगितलं असतं तर घाबरली असतीस. डॉक्टर म्हणाले, दिवस भरलेतच, आठ दिवस अलीकडं काय आणि पलीकडं काय. तात्यांचा हट्ट. मी मध्ये सापडलो."

"आणि ठोके?"

त्यानं मोबाईलचं कव्हर काढलं.

"चार वर्षं माझ्या पाठीवरनं हात फिरवून म्हणत होतास, असू दे, होतं असं. काय होतं असं?"

"चुकलं माझं."

"अजून कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही." हे तो फार पटकन बोलला. "मी, तात्या आणि डॉक्टर. बस्स."

क्रांतीला रडू आलं नाही. तिला संताप आला होता, आणि संतापापेक्षाही कीव आली होती ती स्वतःच्या पोटाची. ऐनवेळी दगा दिला म्हणून चार वर्षं तिनं आपल्याच अंगाशी अबोला धरला होता. आरशासमोर साडी नेसताना ती खाली बघायची नाही. जावा-नणंदांत बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या की ती चहा टाकायला उठायची. आणि त्या बिचाऱ्या अंगानं काहीच केलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती घरी न जाता राधानगरीच्या एसटीत बसली. असं काही झालं की माणूस जिथं जातो, तिथं ती निघाली होती, आईकडं. ऑपरेशन झालं त्या दिवशी दाराबाहेर आई एकटी हमसून रडत होती, असं मागाहून शेजारणीनं सांगितलं होतं. त्या सगळ्या गर्दीत आपल्या बाजूचं एक माणूस होतं, एवढा आधार क्रांतीला वाटेत पुरला.

धोंडुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस घरात आला होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची. लेक अवचित आलेली बघून तिनं पाट पुढं सरकवला. क्रांतीनं सगळं सांगितलं: तात्यांचं बोलणं, गुरुजी, नवऱ्याचं "चुकलं माझं". आई ऐकत होती. तिची भाकरी परातीत गोल गोल फिरत राहिली. सांगून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"हात धू. दोन घास खा आदी."

"नको. संकष्टी आहे आज." उपास खरा नव्हता. तिला गिळवतच नव्हतं.

"पोटुशीला कसला गं उपास? देव काय पोटातल्या लेकराला उपाशी ठेवा म्हणतोय व्हय? खा."

ताट पुढं आलं. भाकरी, वांग्याची भाजी, वाटीत घट्ट दही. क्रांतीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तिच्या हातातच राहिला.

पोटुशीला कसला उपास. पहिल्या वेळी या घरात नववा महिना काढताना हेच वाक्य तिनं किती वेळा ऐकलं होतं. संकष्टी मोडली, सोमवार मोडला, आई दूध घेऊन मागं मागं फिरायची. आणि मग एका गुरुवारी सकाळी तीच आई म्हणाली होती, आज दत्ताचा कडक उपास धर, बाळासाठी, पाणीसुद्धा नको. दवाखान्यातनं तपासून आलीस की सोडू. जीपमध्ये क्रांतीला भुकेनं चक्कर येत होती आणि आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"आई," ती म्हणाली, "त्या गुरुवारी मला उपास का धराय लावलीस?"

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. धोंडुबाईनं ती उलटली नाही. भाकरीच्या कडा काळ्या पडल्या, करपल्याचा वास घरभर झाला, तरी तिचे हात मांडीवरच होते.

"आदल्या दिशी जावयबापूंचा फोन आलता," शेवटी ती म्हणाली. "उपाशी पोटी आणा म्हणले. पोरीला काय बोलू नका, घाबरंल."

"आणि तू बोलली न्हाईस."

"मी काय बोलू? व्याह्यांनी दिस काढलेला. लेकीच्या आईनं त्यात मोडता घालायचा व्हय? मला वाटलं, तू धड, बाळ धड, म्हंजे झालं. झालं की सगळं नीट."

"आणि मागनं? मी रडायची तवा तू मला म्हणायचीस, परत्येकीचं अंग सारखं नसतंय."

आईनं पदरानं तवा धरून खाली उतरवला. "मग काय म्हणायचं हुतं मी?"

राजवर्धनचा राग तिला आला होता, पण तो राग कुठं ठेवायचा हे तिला ठाऊक होतं. नवऱ्यावर बायका रागावतात, जग त्याला जागा देतं. आईवरचा हा राग ठेवायला तिला कुठंच कोनाडा सापडेना. मोडलेला तुकडा तिनं ताटात परत ठेवला, पायात चपला घातल्या आणि ती स्टँडकडं चालू लागली. आईनं हाक मारली नाही. परतीच्या गाडीत मात्र ती रडली, शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा मळमळतंय म्हणाली.

पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली. बाळानं डोकं खाली केलं होतं.

"मला प्रयत्न करायचाय," ती म्हणाली.

"घरी बोललात?"

"सांगितलं." विचारलं नाही, सांगितलं, हा फरक डॉक्टरांना कळला असावा. त्यांनी मान हलवली.

"पण डॉक्टर, लागलं तर सिझर करा. माझी त्याला ना नाही. फक्त का करताय ते आधी मला सांगा. इतर कुणाला सांगायच्या आधी, मला."

"तुम्हालाच सांगणार. दुसऱ्या कुणाला कशाला?"

क्रांती उठली आणि दारापाशी थांबली. "कळा सुरू झाल्यावर खाल्लं तर चालतं?"

"सुरुवातीला थोडं, हलकं. दूधभाकरी वगैरे. पण त्यासाठी घरी थांबून राहायचं नाही, लगेच निघायचं."

तात्यांनी चार दिवस जेवताना तोंड वाकडं केलं, मग नववा महिना लागला, गुरुजींनी काढलेला दिवसही टळून गेला आणि त्यांच्या चिंचा पुन्हा सुरू झाल्या. राजवर्धन रोज गाडीत पेट्रोल आहे का ते बघू लागला. तो काही बोलू गेला की क्रांती म्हणायची, "नंतर." आणि एका संध्याकाळी तिनं गावी फोन लावला.

"राजवीरला बघाय कुणीतरी पायजे. तू ये."

धोंडुबाई तांदळाचं गठुडं आणि तुपाची बरणी घेऊन आली. आठवडाभर मायलेकी एका स्वयंपाकघरात वावरल्या. दूध आलं का, पोरगं जेवलं का, गॅस बंद केलास का, याच्या पलीकडं बोलणं गेलं नाही. आई रोज ताट वाढून पुढं ठेवायची आणि क्रांती ते बाजूला सारून स्वतःच्या हातानं दुसरं वाढून घ्यायची. आई ते बाजूला सारलेलं ताट मग मुकाट्यानं स्वतः जेवायची.

त्या सकाळी राजवर्धन पोराला बालवाडीत सोडायला गेला होता आणि तात्या खाली दुकानात होते. त्यांचा सौदा जिन्यातून वर ऐकू येत होता. क्रांती ओट्यापाशी उभी होती. तिनं अचानक कडप्प्याची कड दोन्ही हातांनी धरली, मान खाली घातली आणि तोंडानं लांब श्वास सोडला. ती सरळ झाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं.

धोंडुबाईच्या हातातली पिठाची परात तशीच राहिली. "पोरी?"

"व्हय."

आईची नजर नकळत भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं गेली. त्या दिवसाच्या चौकोनात अमावस्येचं काळं वर्तुळ होतं. तिनं जिन्याकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"आज अवस हाय गं," ती हळूच म्हणाली.

"असू दे. वाढ मला."

आईला क्षणभर समजलंच नाही. मग तिनं घाईघाईनं डब्यातली भाकरी काढली, वाटीत चुरली आणि वर कोमट दूध ओतलं. थोडं दूध ओट्यावर सांडलं. क्रांतीनं ती वाटी घेतली, बाजूला सारली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं पहिला घास तोंडात घातला.

"आता त्यांना फोन लाव. दारामागं पिशवी आहे, ती घे. आपण निघतोय."

धोंडुबाईनं ओला हात लुगड्याला पुसला आणि मोबाईल उचलला. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण जावयाचा फोटो ओळखून तिनं बोट टेकवलं. पलीकडं घंटी वाजत होती. तिनं फोन कानाला लावला आणि मग फोनवर हात धरून लेकीला विचारलं,

"काय सांगू?"

क्रांती एक कळ जाऊ देत थांबली. मग तिनं घास गिळला.

"खरं काय ते सांग," ती म्हणाली आणि वाटीत पुन्हा बोटं घातली.