पाचव्या बेटाचा तळ

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, बोटीचा. सध्या धक्क्यावर तिकीट-खिडकीशेजारी आडवा पडलेला असतो आणि येणारे-जाणारे माझ्यावर बसून चपलांतली वाळू झाडतात. खुशाल बसा. पण बसण्याआधी नीट बघून घ्या, असं मी मनातल्या मनात सांगत असतो. कुणावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हा माझा स्वभावच आहे.

हा स्वभाव मला कामाने लावला. लोहाराने मला तापवून, ठोकून, दोन वाकड्या नख्या जोडून घडवलं आणि एका बोटवाल्याच्या हवाली केलं. हा बोटवाला सुट्टीवर आलेल्या माणसांना दिवसभरात पाच बेटं फिरवायचा. बेट आलं की माणसं उतरायची, पोहायची, वाळूत लोळायची आणि बोट वाहून जाऊ नये म्हणून मी खाली तळ धरून बसायचो. दोर ताठ असला की वरचं बोलणं मला ऐकू यायचं. वरून समुद्र सगळा सारखाच निळा दिसतो म्हणतात. मला तो खालून माहीत आहे. पहिल्या बेटाची वाळू भुसभुशीत, आधी धरू देते आणि मग हळूच सोडून देते. दुसऱ्याशी लांब गवत, त्यात नखी नुसतीच गुंतते. तिसऱ्याची वाळू घट्ट. चौथ्याला चिखल. आणि पाचव्याला नुसता खडक आणि पाण्याची जबरदस्त ओढ. तिथे फटीत नखी अडकवून जीव मुठीत धरून बसावं लागे. पण पोहत शिरावं लागणारी ती गुहा पाचव्या बेटालाच होती आणि लोक यायचे ते तिच्यासाठी. तिथून परतल्यावर बोटवाला मला गोड्या पाण्याने धुवायचा आणि नांगर असावा तर असा, म्हणायचा. ते दिवस सुखाचे होते.

मग एका हंगामात त्याचं वागणं बदललं. सकाळी उठून तो माझ्यावर पाना आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा. पुन्हा आपटायचा. एकदा लोहाराला घेऊन आला आणि दोघं माझ्याकडे बघत कुजबुजले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मला भंगारात घालायचा बेत दिसतोय, असं मी धरून चाललो.

अशातच आत्या आली. तिच्यासोबत तिची भाची होती. भाचीच्या हाकेमुळे आम्हीही तिला आत्याच म्हणू लागलो. आत्या माझ्याच पठडीतली निघाली. पाय ठेवण्याआधी तिने बोट वाकून बघितली, लाइफ जॅकेटचे बंद ओढून पाहिले आणि पाचही बेटं दाखवणार ना, हे बोटवाल्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. त्या गुहेत शिरता यावं म्हणून ती साठी उलटल्यावर पोहायला शिकली होती. तलावाच्या काठावर पोरंसोरं फिदीफिदी हसायची, तरी वर्षभर एक सकाळ चुकवली नाही, असं भाची कौतुकाने सांगत होती. बोटवाला हो हो म्हणाला, पण नजरेला नजर न देता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिली बेटं रीतसर झाली. तिसऱ्यावर आत्याने ओली टोपी झुडपावर वाळत घातली आणि ती तिथेच विसरली. चौथ्यावर तिला आठवण झाली, पण मागे फिरायला वेळ नाही, असं बोटवाल्याने सांगून टाकलं. मग बोटीने लांबलचक वळसा घेतला. पाचवं बेट आलं, असं म्हणत त्याने मला सोडलं. मी फट शोधायला गेलो, तर नखी थेट घट्ट वाळूत रुतली. ती वाळू माझ्या ओळखीची होती. वादळवाऱ्यात आम्ही आसऱ्याला यायचो, ती तिसऱ्या बेटाची मागची बाजू. म्हणजे हा माणूस सरळ सरळ थाप मारत होता आणि मी तळाशी मुका बसलो होतो. माणसांच्या तोंडाला पानं पुसून याला लवकर घरी जायचंय, असं वाटून मला त्याची चीड आली.

गुहा कुठे, असं विचारल्यावर ती भरतीमुळे पाण्याखाली गेलीय, असं त्याने सांगितलं. आत्या झाडीत शिरून पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने परत आली, ती डोक्यावर टोपी घालून.

"माझी टोपी माझ्याआधी इथे कशी पोचली रे?"

बोटवाल्याचं पितळ उघडं पडलं. त्याने एक-दोन सबबी सांगून पाहिल्या. मग दोर ओढून त्याने मला वर घेतलं आणि तिच्यासमोर पान्याने माझ्यावर टोला दिला. टण्ण आवाज यायला हवा होता. धप्प असा आला. नखी दांड्याला जोडली आहे तिथे केसासारखी बारीक चीर गेली होती. मित्रांनो, ती मला स्वतःलाही माहीत नव्हती.

"खडकात हा मोडला असता," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही गुहेत आणि बोट वाहून गेलेली. नवा नांगर सुट्ट्या संपल्यावर मिळणार आहे."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही बसला असतात बोटीत?"

"नसते बसले," आत्या म्हणाली. "ते माझं मी ठरवलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साऱ्या जगावर संशय घेत राहिलो आणि हा माणूस माझ्यावरच संशय घेत होता, तोही खरा. परतीच्या वाटेवर आत्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दूरच्या पाचव्या बेटाकडे बघत राहिली. तिच्याकडे मला बघवेना.

नवा नांगर आला आणि मी धक्क्यावर आलो. अंगावर गंज चढला. आत्या पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या सुट्टीत ती एकटीच आली आणि म्हणाली, "आधी नांगर दाखव."

बोटवाल्याने नवा नांगर वाजवून दाखवला. टण्ण. मग तिला माझ्यापाशी आणलं आणि मलाही वाजवलं. आता प्रत्येक फेरीआधी तो लोकांना हे दोन्ही आवाज ऐकवतो.

संध्याकाळी आत्या परतली, तेव्हा तिचे केस ओले होते. तिने फोनवरून भाचीला सांगितलं, की गुहेत गार काळोख होता, खूप भीती वाटली आणि तरी ती शेवटपर्यंत पोहत गेली. बोलता बोलता ती माझ्यावर बसायला आली. बसण्याआधी वाकून तिने मला नीट बघितलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेलपाणी करा. पण अधूनमधून वाजवूनही बघा आणि आवाज फुटका आला तर लपवू नका. इकडे आलात तर मलाही एक टोला द्या. धप्प आवाज येईल. मला आता त्याचं वाईट वाटत नाही.