झुंबरबाईंची पावले मला कळली नाहीत

मित्रांनो, लोणावळ्याजवळच्या एका पाण्याच्या बोगद्यावर नसीरभाऊ पाणी सोडायचा दरवाजा चालवतात. त्यांच्या खोलीत नटबोल्टांच्या डब्यात पडलेली काडेपेटीएवढी काळी डबी म्हणजे मी. आता जुनी झाले. एके काळी माझा फार तोरा होता.

बोगद्यात मोबाइलला जागा कळत नाही. म्हणून मला कामगाराच्या कमरेला बांधत. माझ्या पोटातले सेन्सर हिसके आणि वळणे टिपत, आणि त्यावरून माणूस कुठवर गेला याचा अंदाज मी बांधत असे. हे मला एका साहेबांनी शिकवले. कसे? ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर बूट घातलेली चार तरुण पोरे दोन दिवस चालवून. एवढ्यावर ते मला हुशार म्हणू लागले, आणि मी मूर्ख, फुगले.

गेल्या उन्हाळ्यात बोगद्याच्या तळाचे खड्डे दगडांनी भरायचे काम निघाले. सहा बायांच्या कमरेला सहा डब्या बांधल्या; मला औंढ्याच्या झुंबरबाईंच्या. डोक्यावर दगडांचे घमेले घेऊन त्या आत जात. तीस वर्षांची सवय. मान हलत नसे, कंबर हलत नसे. मला हिसकाच लागेना. मी समजले, बाई उभ्या आहेत. रिकामे घमेले घेऊन परतताना मात्र त्या झपझप चालत, आणि ती पावले मी इमानेइतबारे मोजी. दुपारपर्यंत साहेबांच्या पडद्यावर मी त्यांचा ठिपका बोगद्याबाहेर, पार भाताच्या खाचरात नेऊन ठेवले.

"बाई, काम सोडून शेतात काय करता?" साहेबांनी विचारले.

"डोक्यावर घमेलं असल्यावर उड्या मारत चालू का, सायेब?"

सगळे उत्तर त्यात होते. पण साहेब पडद्याकडेच बघत राहिले.

चौथ्या दिवशी काम आटोपले. पाणी सोडायची वेळ झाली. पडद्यावर सहाही ठिपके बाहेर होते.

"उघडा दरवाजा," साहेब म्हणाले.

नसीरभाऊंनी चाकावरचा हात काढला. "पाचच जणी दिसतायत. झुंबरमावशी कुठंयत?"

"शेतात. रोजच्यासारख्या."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी चाक फिरवणार नाही, साहेब."

ते बोगद्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी हाक मारली. मी तेव्हा मावशींच्याच कमरेला होते. त्या मिट्ट काळोखात बसून, बाई उन्हात आहेत, असे जगाला सांगत होते.

"आले रे," आतून आवाज आला. "शेवटचं घमेलं व्हतं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तरी संध्याकाळी त्यांनी मोठ्याने म्हणत कागदावर लिहिले : 'कामगाराची चालण्याची पद्धत सदोष.' ते वाक्य ऐकून मला त्यांची आणि माझीही शिसारी आली. आता ते दुसऱ्या कामावर गेले आहेत. त्यांच्याकडे नव्या वीस डब्या आहेत, आणि तीच चार पोरे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखीला शिकवायला बसेल. तेव्हा फक्त आपल्याच पायांवर भागवू नका; ओझे वाहणाऱ्याला, लंगडणाऱ्यालाही सोबत चालवा. आणि एवढे करूनही, पाणी सोडण्याआधी तोंडाशी जाऊन एकदा हाक मारा.