शेवटची वीतभर वायर

"दोन वाजता मले बसावंच लागते, काकाजी. एक मिनिट उशीर चालत नाही," दामिनीने दुसऱ्यांदा सांगितलं.

"होते. अर्ध्या तासाचं काम आहे," चंद्रभान म्हणाला आणि खिडकीखाली ड्रिल टेकवलं.

शहापूरचं हे घर त्याच्या ओळखीचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी टेलिफोनची तार त्यानेच या भिंतीतून आत घेतली होती. तेव्हा तो कंत्राटी लाइनमन होता, आजही कंत्राटीच होता. त्या तारेशेजारी आता ब्रॉडबँडची काळी वायर आली होती. दोन्ही दाराला लागून असलेल्या एकाच भोकातून आत येत, आणि नेमकं तेच दार रुंद करायचं होतं. दामिनीच्या वडिलांना, केशवरावांना, लकवा मारला होता. चाकाची खुर्ची दारातून निघत नसल्यामुळे पाच महिने त्यांनी अंगण पाहिलं नव्हतं. गवंडी ओसरीत बसून होता. वायरी हलल्याशिवाय त्याला भिंत फोडता येत नव्हती.

दामिनी नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करी, हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐके. त्या महिन्यात लाइन दोनदा गेली होती. तिसऱ्यांदा गेली तर नोकरी संपली, असं साहेबांनी तिला लेखी कळवलं होतं. मोबाइलच्या नेटवर ते काम चालत नसे. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीतच वायर हलवायची असं ठरलं होतं.

टेलिफोनची तार चंद्रभानने दहा मिनिटांत नव्या भोकातून घेतली. तांब्याची टोकं बोटांनी चाचपूनच पिळली, रिसीव्हर कानाला लावला. टोन आला.

ब्रॉडबँडच्या वायरीत मात्र केसासारखा काचेचा धागा असतो. टोकाचा प्लग भोकातून जात नाही. तो कापून टाकावा लागतो आणि वायर आत आली की नवा बसवावा लागतो. धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, सरळ कापायचा, प्लगच्या बारीक छिद्रात सरकवायचा. हे बोटांच्या भरवशावर होत नाही. पाहावंच लागतं.

आणि चंद्रभानला दिवाळीपासून नजरेच्या मधोमध काहीच दिसत नव्हतं. साखरेच्या आजाराने डोळ्यांचा पडदा गेला होता. समोरच्याचे खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धूर. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्याने बायकोपासूनही लपवलं होतं. प्लगची कामं तो काहीतरी सबब काढून दुसऱ्यांवर ढकलत आला होता. आज पाठवायला ऑफिसात दुसरा माणूस नव्हता.

पहिला प्लग बसवला. टेबलावरच्या इंटरनेटच्या डब्याचा दिवा लालच असल्याचं दामिनीने सांगितलं. कापून दुसरा बसवला, मग तिसरा. दर वेळी वीतभर वायर जात होती.

"काहून होऊन नाही राहिलं?" दामिनीने विचारलं.

प्लगच खराब आले आहेत, असं तो खोटं बोलला. चौथ्या वेळी काचेचं कुसळ त्याच्या बोटात शिरलं. स्पिरिट लागून आग झाली तेव्हाच त्याला ते कळलं. दिवा पुन्हा लाल. बाहेर गुंडाळून ठेवलेली जादा वायर संपली होती. अजून एकदाच कापलं तर वायर टेबलापर्यंत पोहोचणार होती. त्यानंतर खांबावरून नवी ओढावी लागली असती, आणि ते उद्याचं काम होतं. दोनला सात मिनिटं होती.

चंद्रभान खाली फरशीवर बसला.

"पोरी, मले दिसून नाही राहिलं."

तिला वाटलं, उजेड कमी पडतो आहे. ती दिवा लावायला उठली.

"दिव्यानं काही होत नाही. माहे डोळेच गेले. प्लग चांगले होते, चारही मीच वाया घालवले."

"मंग आले कायले तुम्ही?" तिचा आवाज फाटला. आतल्या खोलीतून केशवरावांनी काहीतरी अस्पष्ट विचारलं. चंद्रभानने शेवटचा प्लग तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला. "तू कर. मी सांगतो."

ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. वर्षानुवर्षं नव्या पोरांना शिकवलं तसंच त्याने तिला एकेक पायरी सांगितली. एकदा धागा छिद्राशी अडला. जोर देऊ नको, मागे घे, पुन्हा घाल, असं तो सांगत राहिला.

"आत गेला? टोकाला टेकून थोडासा वाकला काय?"

"हाव. वाकला."

"मंग दाब खटका."

वायर डब्याला लावून ती पाहत राहिली. मग तिच्या तोंडून दबलेला हुंदका आला, आणि दिवा हिरवा झाल्याचं त्याला समजलं. तोवर दोन वाजून चार मिनिटं झाली होती. ती खुर्चीवर बसून हेडफोनमध्ये पुनःपुन्हा माफी मागत होती. ही शेवटची वेळ, असं बजावून साहेबांनी तिला कामावर घेतलं. भिंत फोडण्याचा आवाज तिच्या कामात चालणार नव्हता. गवंडी संध्याकाळी सहाला येतो म्हणून निघून गेला.

चंद्रभानने ओसरीतून भंडाऱ्याच्या ऑफिसात धर्मेंद्रला फोन लावला. धर्मेंद्र त्याच्याच हाताखाली शिकून सुपरवायझर झाला होता. जोड मी केला नाही, मला दिसत नाही, उद्यापासून माझ्या नावावर दुरुस्तीच्या तक्रारी टाकू नको, असं चंद्रभानने त्याला सांगितलं. पलीकडे दुसरा फोन वाजत होता.

"बरं काका, मग बोलू," धर्मेंद्र घाईत म्हणाला. "हिरव्या लाइटचा फोटो तेवढा पाठवा."

चंद्रभान परत आत गेला. दामिनी कोणाचीतरी तक्रार ऐकत होती, तिने मान वळवली नाही. त्याने मोबाइल डब्याच्या दिशेने धरून फोटो काढला आणि पाठवला. फोटोत काय आलं, ते त्याला कळलं नाही.

भंडाऱ्याची ऑटो हायवेच्या पलीकडून मिळायची. तो खांद्याला पिशवी लावून रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि दोन ट्रकांच्या मधे किती वेळ शांत राहतं, ते कान देऊन मोजू लागला.