एकतीस मेची पाटी

मे महिना संपत आला की मेलेली झुडपं परत येऊ लागत. यंदाही आली. पोत्यांतून, बादल्यांतून, एकाने तर उशीच्या अभ्र्यातून आणली. स्टेफनिया रोपवाटिकेच्या टेबलामागे बसून ती घेत होती आणि बदल्यात नवी देत होती. तिच्या डोक्यावर तिच्या नवऱ्याने, ओरेस्तने हिरव्या रंगात लिहिलेली पाटी होती: पहिल्या हिवाळ्यात झाड मेलं तर मुळासकट आणा, नवं न्या. एकतीस मेपर्यंत. ओरेस्तला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पाटी मात्र अजून स्वच्छ वाचता येत होती.

हा रोपवाटिकेचा शेवटचा वसंत होता. जमीन शेजाऱ्याने घेतली होती, पुढल्या वर्षी इथे गहू उभा राहणार होता. पाठ दुखत होती. पूर्वी ती प्रत्येकाला विचारायची, तुमच्या अंगणात बर्फ सगळ्यात उशिरापर्यंत कुठे राहतो? बायका खुलायच्या, हातवारे करून कोठार, विहीर, कुंपण दाखवायच्या, आणि त्यावरून झाड कुठे लावायचं ते ती सांगायची. सात महिने पांढरं बघून त्यांना नुसतं फूल हवं असायचं, कसलंही. आता ती विचारत नसे. काही विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायला ताकद लागते.

मेत्रोची जुनी गाडी दारात थांबली. तो तळ्यापलीकडचा, त्यांच्याच चर्चमधला. दोघं शाळेत एकाच वर्गात होती. हातात ओलं पोतं.

"आलास?"

"आलो. तू गेली नाहीस अजून?"

"तुझी वाट बघत होते. पाचवं झुडूप ना हे?"

"सहावं. मोजायला तू कधीच हुशार नव्हतीस."

त्याने पोतं टेबलावर ठेवलं. आत तेच होतं, झास्मिन. जाईसारख्या वासाचं पांढरं फूल येणारं झुडूप. मेत्रोची बायको तेक्ल्या दोन वर्षांपासून गावातल्या वृद्धाश्रमात होती, पाय गेले होते. तिच्या आईच्या घरी, समुद्रापलीकडच्या त्या जुन्या गावात, दाराशी झास्मिन होतं म्हणे. तेक्ल्याने ते कधी पाहिलंही नव्हतं, फक्त ऐकलं होतं. एकदा त्याचा वास घ्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

"मेत्रो, नवं नाहीये," स्टेफनिया म्हणाली. "यंदा झास्मिन मागवलंच नाही. सगळं आवरायचंय."

तो उभाच राहिला. "एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. जांभळ्या फुलांचं लायलक ने. उणे चाळीसातही त्याला काही होत नाही. कुंपणाचं काराजाना ने, ते तर विस्तवात टाकलंस तरी उगवेल. लाल काड्यांचं डॉगवूड आहे, हिवाळ्यात बर्फावर काय दिसतं बघ."

"तेक्ल्याला काड्या बघायच्या नाहीत."

"मग लायलकाला वास नाही का?"

"लायलक सगळ्यांच्या दारात आहे, स्टेफा. मेलेल्यांच्याही."

हे खरं होतं. ओसाड झालेल्या घरांच्या जागा आता लायलकवरूनच ओळखू येत. तिला वाद घालायचा कंटाळा आला होता. हा माणूस सहा वर्षं आपल्या हाताने खड्डे खणतोय, आणि आपण सहा वर्षं त्याला न जगणारी वस्तू देतोय, असं तिच्या मनात आलं. कधीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "हे आपल्याकडचं झाडच नाही. इथे ते मरतंच. तुला दाखवते." तिने खिशातल्या चाकूची पात उघडली. वरच्या काडीची साल खरवडली. तपकिरी, कोरडी. "बघितलंस? लाकूड." तिने आणखी खाली खरवडलं. तेही लाकूड. मग मुळाच्या मानेशी, मातीखाली, तिने जोर देऊन पात फिरवली आणि तिचा हात थांबला.

साल ओली होती. आतली रेघ हिरवी होती. शेजारी, मोहरीच्या दाण्याएवढे, दोन पांढुरके कोंब.

मेत्रो वाकून बघत राहिला. "हे काय आहे?"

"जिवंत आहे."

"मेलंय म्हणून तर आणलं."

"तुझ्याकडे जमीन कधी सुटते? कुदळ कधी आत जाते?"

"मेच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला. उत्तरेचा उतार आहे माझा, ऊन उशिरा येतं."

स्टेफनियाने मान वर करून पाटीकडे पाहिलं. त्याच्या अंगणात हे झुडूप जूनच्या मध्याला जागं होणार. पाटीसाठी तो दरवर्षी ते महिनाअखेरीस उपटत होता. एकदाही नीट थांबला नव्हता. आणि तिने एकदाही चाकू काढला नव्हता. वरची काडी मोडून बघायची आणि झुडूप मागच्या ढिगावर टाकायची.

मेत्रोने बोटाच्या टोकाने कोंब हलकेच चाचपले.

"आणि आधीची पाच?" मेत्रोने विचारलं.

मेलीच होती म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त स्टुलावर बसला.

तिने पोतं बादलीत बुडवून पुन्हा मुळांभोवती गुंडाळलं. "घरी गेलास की लगेच लाव. होतं तिथेच. जुलैपर्यंत हात लावू नकोस. ऑक्टोबरमध्ये फांद्या वाकवून जमिनीला टेकव, वर दगड ठेव, आणि सगळ्या वाटांवरचा बर्फ त्याच्यावर लोट. बर्फाखाली राहिलेली काडीच फुलते. दोन वर्षं लागतील."

"दोन वर्षं," मेत्रो म्हणाला. "तेक्ल्याकडे आहेत का, ते तुझ्या पाटीवर लिहिलंय?"

"नाही."

"आत्ता तिच्याकडेच जायचंय. दरवर्षी विचारते, झास्मिनचं काय? मी सांगतो, झोपलंय."

"मग आजही तेच सांग."

"सहा वर्षं तोंडावर खोटं बोललो म्हणून मला झोप नाही, स्टेफा."

"खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "निदान या झाडापुरतं तरी नव्हतं."

त्याने पोतं उचललं. गाडीत बाजूच्या आसनावर, तेक्ल्याच्या जागेवर ठेवलं आणि पट्टा लावला. त्याने काच खाली केली. "लायलकसुद्धा दे एक. वाट बघताना काहीतरी फुललेलं असावं."

तिने ठेंगणं लायलक निवडून मागे ठेवलं. गाडी गेल्यावर स्टुलावर चढून पाटी काढावी असं तिला वाटलं; पण गुडघे नको म्हणाले. ती चाकू हातात घेऊन मागच्या ढिगाकडे निघाली. सकाळपासून आलेली अकरा झुडपं तिथे वरच पडली होती.