चार बोटं खाली

सासूबाई गाडीत मागे बसल्या, मुलीला शेजारच्या बेबी सीटमध्ये बसवलं आणि मला म्हणाल्या, "मी बाळाला सांभाळायला येतेय, तुला अडवायला नाही. अडवणं जाता जाता झालं तर तो भाग वेगळा."

नवऱ्याने गाडी सुरू केली. तो रागावला की गाडी फार नीट चालवतो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी प्रत्येक वळणावर इंडिकेटर लावतो.

भांडण मोटरसायकलचं होतं. तिसऱ्या मोटरसायकलचं. घरामागच्या शेडमध्ये माझ्या दोन उभ्या आहेत, दोन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, डांबरी रस्त्यावरही चालणाऱ्या आणि दगडधोंड्यांतूनही जाणाऱ्या त्या जुन्या, उंच जातीच्या. मुलगी झाल्यापासून चौदा महिने मी एकीवरही बसलेले नव्हते. नवऱ्याचं म्हणणं, आता त्या विकून टाकाव्यात. मी मात्र आठवडाभर फोनवर एकच जाहिरात उघडून बघत राहिले. 'जुनी दणकट मोटरसायकल. एकच मालक. मागून बसलेली आहे. जो स्वतः चालवत फाटकातल्या उंचवट्यावरून बाहेर नेईल, त्यालाच मिळेल.' मग रविवारी सकाळी जाहीर केलं, की मी बघायला चाललेय आणि पटली तर घेणार.

"आता तू आई आहेस," नवरा म्हणाला.

"माहितेय. ती झाली तेव्हा मी तिथेच होते."

मी धाडसी वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलगी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते. अनोळखी खोलीत शिरले की मला माणसांच्या आधी खिडकीच्या कड्या, सुटे स्क्रू आणि टेबलाचे कोपरे दिसतात. कॉलेजात शिकलेली संभाव्यता मी आजवर फक्त भिण्यासाठी वापरली आहे. तरीही मी मोटरसायकल चालवते. या दोन गोष्टी एका बाईत कशा मावतात, असं लोक विचारतात. मावतात. दाटीवाटीने, पण मावतात.

माझी उंची पाच फूट, तीही सकाळच्या वेळी. या जातीच्या गाड्यांची सीट माझ्या कमरेच्या वर येते. कंपनीने त्या ज्याच्यासाठी बनवल्या तो माणूस मी नाही. म्हणून मी मुद्दाम कुणीतरी खटपट केलेल्या गाड्या शोधते. माझ्या पहिलीला मागे स्कूटरचे आखूड शॉकअप आहेत, कुण्या माणसाने बायकोसाठी बसवलेले. दुसरीच्या पुढच्या चाकाला नेहमीच्या दोन नळ्याच नाहीत. एका वेल्डरने, स्वतःच्या मोडून जुळलेल्या मनगटाला दणका बसू नये म्हणून, लोखंडी दांडे आणि रबराचे ठोकळे घालून तिथे भलतीच रचना केली आहे. जाणकार अशा गाड्यांना 'वाटोळं केलेल्या' म्हणतात. मी म्हणते, कुणाच्या तरी मापाच्या.

जाहिरात देणारे गृहस्थ निवृत्त भूमापक होते. आजूबाजूचे सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. सिमेंटचं मोठं अंगण, भिंतीला टेकवलेल्या शिड्या, आणि फाटकाच्या ओळीत आडवा घातलेला वीतभर उंचीचा उंचवटा, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. आमच्या आधीच तिथे एक गिऱ्हाईक आलेलं होतं. जुन्या गाड्या घेणारे सगळे त्यांना ओळखतात. काचेच्या दालनात चाळीस गाड्या लावून ठेवल्यात म्हणून त्यांचं नाव काचवाले. बाहेर त्यांचा ट्रक फळ्या लावून तयार होता.

काचवाले मागच्या चाकाजवळ उभे राहून मान हलवत होते. "शॉकअप मेलेत. बघा कशी मागून बसलीय, अंड्यावरच्या कोंबडीसारखी. हे वरचं ठिगळकाम सगळं काढून मूळचे पार्ट घालावे लागणार."

"घाला की," मोजणीदार म्हणाले. "आधी फाटकाबाहेर न्या."

"ट्रक आहे ना माझा."

"दिसला. ट्रकला विकत नाहीये मी."

तेवढ्यात काचवाल्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मग माझ्या नवऱ्याकडे. "साहेब, तुमच्यासाठी?"

"त्याला सायकलवर बसवलं तरी चक्कर येते," गाडीच्या उघड्या दारातून सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने आईकडे असं बघितलं, की बाकी कुणी असतं तर गप्प झालं असतं.

"मला हवीय," मी म्हणाले.

"ताई, राग मानू नका, पण ही उंच जात आहे. तुमचे पाय पोचायचे नाहीत. एखादी छान हलकी स्कूटर बघा. मुलीलाही पुढे उभं करता येईल."

"चालत्या स्कूटरवर मुलीला पुढे उभं करणाऱ्यांना माझ्या घरात पाणीसुद्धा मिळत नाही," मी म्हणाले आणि मोटरसायकलशेजारी गुडघ्यांवर बसले.

पहिल्यांदा मी तेच केलं जे घरी करते. कुठे बोट सापडेल, ते पाहिलं. दिवसभर माझं कामच ते. काय सरकतं, काय निसटतं, कशात चिमुकलं बोट चिरडेल. आणि इथे ती जागा लगेच दिसली. शॉकअपची वरची टोकं गाडीच्या सांगाड्याला बसवलेलीच नव्हती. ती एका जाड लोखंडी पत्र्याला धरलेली होती, आणि पत्रा एकाच बोल्टवर लटकत होता. पत्रा आणि सांगाडा यांच्यामध्ये चार बोटांची फट. इथे बोट सापडेल, मी मनात म्हणाले. आणि मग कळलं, बोट सापडेल म्हणजे हे हलतं.

मी सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. एकदाच वर आली आणि थांबली. मेलेला शॉकअप असा येत नाही. तो डुलत राहतो. तेलाचा ओघळही कुठे नव्हता. सीटखाली डाव्या हाताला एक दांडा होता, त्याचा रंग पार उडालेला, दाराच्या मुठीसारखा लखलखीत. पत्र्याच्या वर एक आकडा रिकामा होता, त्याचंही टोक घासून चमकत होतं. आणि त्या पत्र्याला खाली ओढणारी एक जाड स्प्रिंग, ताणून बसलेली.

गाडी बसलेली नव्हती. बसवलेली होती.

"काका," मी त्या लखलखीत दांड्यावर बोट ठेवून विचारलं, "कामावर असताना दिवसात किती वेळा थांबायचात?"

मोजणीदारांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "दोनशे. कधी तीनशे. दर खुणेला उतरायचं, परत चढायचं. आणि डावा पाय माझा दोन बोटं आखूड आहे." मग ते जाऊन शिडीला टेकले, जास्त बोललो असं वाटल्यासारखे.

"आधी मी आलोय," काचवाले म्हणाले. ते खरंच होतं. ते बसले, त्यांच्या लांब पायांनी गाडी सहज पेलली. दुसऱ्या किकला चालू झाली. हळूहळू फाटकाकडे गेले, पुढचं चाक उंचवट्यावरून उतरलं, आणि कर्रर्र करत गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं. मागचं चाक गरगर फिरलं, धूर झाला, इंजिन बंद पडलं. त्यांच्या ड्रायव्हरला येऊन गाडी मागे ओढावी लागली.

"म्हणालो ना, शॉकअप मेलेत," काचवाले रुमालाने मान पुसत म्हणाले. "हिच्यावर बसून कुणीच बाहेर जाणार नाही. अट सोडा, काका."

"बाईंचं होऊ द्या," मोजणीदार म्हणाले.

नवरा माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "चौदा महिन्यांनी बसतेयस. पडलीस तर?"

"पडले तर उठेन."

"आणि तिला काय सांगू मी?"

"सांग, आई पडली. ती स्वतः दिवसातून वीसदा पडते. तिला कळेल."

"हसण्यावारी नेऊ नकोस. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हणाले. "पण भीती दोघांना वाटते आणि गाड्या मात्र माझ्याच विकायच्या, हे काही मला जमायचं नाही."

सासूबाईंनी दारातून हेल्मेट पुढे केलं. "पट्टा घट्ट लाव," म्हणाल्या. बस, एवढंच. अडवणं बहुतेक वाटेत कुठेतरी सांडलं असावं.

गाडी खाली होती, म्हणून किक माझ्या पायाला पुरली. मी अंगणात गोल फिरवायला सुरुवात केली. दांडा वर करून आकड्यात अडकवायचा, इतपत उमगलं होतं. पण पत्रा खाली यायला मागचं वजन सुटायला हवं. मी पावदानांवर उभी राहिले. दांडा ओढला. ढिम्म. पुढे झुकले, ओढला. ढिम्म. दोन फेऱ्या झाल्या. काचवाले ड्रायव्हरशी काहीतरी बोलून हसले. माझ्या मनात नेहमीची ती यादी सुरू झाली होती: गुडघा, मनगट, डोकं, मुलगी.

तिसऱ्या फेरीला, मी उभी असतानाच, मुलगी किंचाळली. नुसती आनंदाने, मला बघून. पण चौदा महिने त्या आवाजाला माझे हात एकच उत्तर देत आले आहेत. थांबायचं. उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी नाकावर वाकली, मागचा भाग पिसासारखा हलका झाला, आणि डाव्या हातातला दांडा आपोआप वर सरकला.

खट्.

माझ्याखालची सीट चार बोटं वर आली.

मोजणीदार शिडीला टेकून उभे होते, ते सरळ झाले. "तोच," ते म्हणाले. "पुढचा ब्रेक. नऊ जण येऊन गेले, पण कुणी पुढचा ब्रेक दाबेना. सगळ्यांना पळवायची घाई."

मी ब्रेक सोडला, गाडी पुढे सरकली, आणि आता माझे पाय हवेत होते. ही माझ्या ओळखीची भीती होती, हिच्यासोबत मी अनेक किलोमीटर काढले आहेत. फाटकाकडे वळले, क्लच अर्धा धरला, पुढचं चाक चढलं, उतरलं, पोट काही टेकलं नाही, मागचं चाक चढलं, उतरलं. मी रस्त्यावर होते. आणि रस्त्यावर आलं की थांबावं लागतं, ज्याचा मला नेहमी धसका असतो. मी दांडा खाली ढकलला. सीट हळूच बसली. माझे दोन्ही पाय, टाचांसकट, डांबराला टेकले. इतक्या वर्षांत उंच जातीच्या गाडीवर असं कधीच झालं नव्हतं. मी तिथे तशीच उभी राहिले, कुणाचाही आधार न घेता.

काचवाले फाटकात आले. "काका, मी जास्त देतो."

"ट्रक रिकामा गेला तर डिझेल कमी लागेल तुम्हाला," मोजणीदार म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिले. मग सांगितलं, "आकड्याला महिन्यातून एकदा ग्रीस. आणि कुणाला सांगत बसू नका कसं चालतं ते. ज्याला हवं त्याला शोधू द्या."

नवरा कारला टेकून उभा होता. "बरं," तो म्हणाला. "पण ही शेवटची."

"नाही."

"मग त्या दोघी तरी विकू."

"नाही."

"शेडमध्ये जागा कुठेय?"

"तुझी सायकल काढ," मागून सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी चक्करच येते."

तो हसला नाही, पण त्याने दार उघडलं. "मोठ्या रस्त्याने ये. मी मागे राहतो."

"मी कच्च्या रस्त्याने येणार. तुम्ही तिठ्यावर थांबा."

मुलीचा पट्टा मी स्वतः पुन्हा एकदा तपासला. दोनदा. मग हेल्मेट घातलं.

कच्च्या रस्त्याला दगड होते, खड्डे होते, एके ठिकाणी आडवी पडलेली फांदी होती. गाडी त्या सगळ्यावरून म्हाताऱ्या, समजूतदार जनावरासारखी गेली. तिठ्यावर पोचेपर्यंत मी बारा वेळा थांबले. ब्रेक दाबून, दांडा ढकलून, दोन्ही टाचा जमिनीवर ठेवून. बारातल्या एकाही वेळी थांबायची गरज नव्हती.