रात्रभर ठेवलेलं पीठ

माझी नणंद शालू लग्न होऊन टाकव्याला गेली ते साल एकोणीसशे अडतीस. तिच्या मांडवासाठी जांभळाचे डहाळे तोडताना माझे कारभारी, नथू, झाडावरून पडले आणि त्यांची मांडी मोडली. ठरल्या दिवशी लग्न लागलं, पण नवरीचा भाऊ खाटेवर होता. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि सांगितलं, वर्षभर उठायचं नाव काढू नका.

कारभारी मळवलीच्या एका बंगल्यावर माळी होते. बंगला इटलीच्या एका म्हाताऱ्या साहेबाचा. मुंबईत त्याचा संगमरवराचा धंदा होता, पण बायको गेल्यापासून तो मळवलीलाच राही. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत कारभारी, सासूबाई आणि मी. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. गावाकडचं, परंदवडीचं घर दिराच्या पोरांनीच भरलेलं होतं.

साहेबानं चार महिने वाट पाहिली. दसऱ्याला तो दाराशी आला. त्याचे खानसामा फकरुद्दीनचाचा लोणावळ्याचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते लेकीकडं राहायला निघाले होते. दिवाळीनंतर मुंबईहून नवा खानसामा बायकापोरांसकट येणार, त्याला या खोल्या लागतील, असं साहेब म्हणाला.

मी दाराआडूनच विचारलं, "स्वैपाक मी केला तर?"

साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, डाळभात कुणालाही येतो. रविवारचा पिझ्झा तुला जमला तर चूल तुझी आणि खोल्याही तुमच्या.

पिझ्झा म्हणजे त्याच्या गावची मैद्याची रोटी. आंबवून फुगवलेली, वर टोमॅटो, लसूण आणि म्हशीचं दूध फाडून केलेलं पनीर. चाचा ती फार चांगली करत, पण हल्ली दिसत नसल्यामुळं करपवत. दिवाळीला तीन रविवार उरले होते.

चाचांनी मला खमीर दिलं, म्हणजे आंबलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा. म्हणाले, "हा रात्री मैद्यात मळ आणि झाकून ठेव. सकाळपर्यंत दुप्पट होईल. त्यातलाच थोडा पुढच्या खेपेसाठी बाजूला काढायचा."

माझ्याकडं भट्टी नव्हती. चुलीवर बिडाचा तवा, त्यावर पालथं घमेलं आणि घमेल्यावर निखारे, अशी मी सोय केली.

पहिल्या रविवारी मी रोटी थापली. चाचांनी बोटानं चाचपली आणि कपाळावर हात मारला.

"अगं रतन, भाकरी आहे का ही? थापून थापून सगळा वारा मारलास. बोटांनी हळू पसरायची."

सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. "सायबाला दात हैत का? असले तर ह्येनं पडतील, मंग खानसामाच नको."

दुसऱ्या रविवारी मी हळू पसरली. तरी तीच गत. चाचा विचारात पडले. "खमीर माझ्या हातचं, मैदा तोच. पीठ रात्रभर ठेवलंस ना?"

"व्हय, चाचा."

मी खोटं बोलले. आमच्या घरात मळलेलं पीठ रात्रभर ठेवत नसत. ठेवलेला गोळा पिंडासारखा. त्यावर मेलेली माणसं येतात, असं सासूबाई सांगत. घरात माणूस खाटेवर असताना ते करायचं माझं धाडस होत नव्हतं. दोन्ही वेळा चाचांचा गोळा मी दिवेलागणीला बंगल्यावरच्या म्हशीच्या आंबोणात टाकला होता आणि रविवारी उजाडल्यावर ताकात पीठ मळलं होतं.

आता एकच रविवार राहिला. सोमवारी मी चाचांकडं गेले, खरं सांगितलं आणि पुन्हा खमीर मागून आणलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग शिकायला अजून सुरुवातच झाली नाही तुझी."

संध्याकाळी मी सासूबाईंच्या देखत पीठ मळलं, परातीत ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं.

"आत्याबाई, आज ह्ये हितंच ऱ्हानार."

"माझ्या लेकाच्या उशाशी पिंड मांडतीस?"

खाटेवरून कारभारी बोलले, "आये, मी झाडावरनं पडलो तवा घरात कंचं पीठ हुतं?"

"तुझ्या जिभेला हाड न्हाई."

"मांडीला तरी कुटं हाय?"

सासूबाई हसल्या नाहीत. वाकळ उचलून ओसरीवर गेल्या. "ह्या घरात त्यो गोळा हाय तवर मी आत निजनार न्हाई."

मी फडकं काढलं नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पहाटे उठून आधी कारभाऱ्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग परातीकडं वळले. पीठ फुगून काठाला आलं होतं.

त्या आठवड्यात मी रोज रोटी केली. मंगळवारची खालून करपली, वरून कच्ची राहिली. बुधवारी घमेलं आधी तापवून घेतलं आणि तव्याखालचा जाळ ओढला, तेव्हा वरचा भागही भाजला. पण टोमॅटोचं पाणी सुटून मधे चिखल झाला. गुरुवारी टोमॅटो चिरून, मीठ लावून फडक्यात पिळले. शुक्रवारची रोटी कारभाऱ्यांनी मागून खाल्ली. सासूबाई रोज ओसरीवरच निजत होत्या.

रविवारी सकाळी फडकं काढलं तर पिठाच्या मधोमध चार बोटं खोल रुतलेली. पीठ खाली बसलं होतं. मी ओसरीवर गेले.

"आत्याबाई, बोटं कुनी लावली?"

"मी." त्या दाराच्या आत येत म्हणाल्या. "बोटं उमटली की त्यो पिंड ऱ्हात न्हाई. माजी आय करायची. आता ठेव कितीबी."

मला रडू यायला लागलं. साहेबाची जेवणाची वेळ बाराची. पण रडून पीठ वर येणार नव्हतं. मी त्याचे गोळे केले, चुलीच्या उबेला झाकून ठेवले आणि तासाभरानं पाहिलं, तर ते पुन्हा फुगले होते. बोटांनी पसरली, पिळलेले टोमॅटो घातले, पनीर घातलं, तापलेलं घमेलं पालथं घातलं. चाचा शेजारी उभे राहून नुसता वास घेत होते. "आता काढ," ते म्हणाले.

साहेबानं एक खाल्ली. दुसरी मागितली, तीही खाल्ली. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "अगल्या इतवारला मीठ कमी."

मी खोलीत येऊन कारभाऱ्यांना तेवढंच सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि डोळे पुसले. सासूबाईंनी वाकळ आत आणली.

चाळीस साली लढाईत इटली इंग्रजांच्या उलट गेली आणि सरकारनं साहेबाला कैदेत नेलं, तोपर्यंत त्या बंगल्याची चूल माझ्याकडं होती. कारभारी काठी घेऊन चालायला लागले होते. फकरुद्दीनचाचा त्रेचाळीस साली लोणावळ्याला लेकीच्या घरी वारले. सासूबाई, बयाबाई, चव्वेचाळीस सालच्या श्रावणात गेल्या. माझे कारभारी नथू सत्तेचाळीस सालच्या माघात तापानं वारले.