लिव्हरमोरच्या वाटेवरच्या गोष्टी

माझी बायको संध्या गेल्यापासून माझ्यासमोर तिचं नाव कोणी घेत नाही. आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळातले लोक फार समजूतदार आहेत आणि त्या समजूतदारपणाचा मला मनस्वी वैताग आला आहे. कोणी पुरणपोळीचा विषय काढला की शेजारचा खोकतो, कारण ती संध्या छान करायची. घरी आल्यावर तर मीही बोलत नाही. कोणाशी बोलणार?

वेळ जावा म्हणून सांता क्लाराच्या लायब्ररीत जुन्या इंग्रजी साहित्याच्या वर्गाला जाऊ लागलो. तिथे सहाशे वर्षांपूर्वीचं एक गोष्टींचं पुस्तक शिकवतात. देवदर्शनाला घोड्यांवरून निघालेली माणसं वाट सरावी म्हणून आळीपाळीने गोष्टी सांगतात. ज्याची गोष्ट सगळ्यात चांगली, त्याला परतल्यावर बाकीच्यांनी जेवण द्यायचं. लिहिणारा म्हणे लोकरीच्या जकातीचा हिशेब बघणारा सरकारी नोकर. त्याने स्वतःलाही त्या घोळक्यात बसवलंय आणि त्याची गोष्ट इतकी रटाळ, की बरोबर निघालेला सराईचा मालक त्याला मध्येच गप्प करतो. स्वतःची अशी फजिती करून घेणारा लेखक मला भलताच आवडला.

त्यावरूनच मला कल्पना सुचली. मंडळाची ज्येष्ठांची बस लिव्हरमोरच्या देवळाला निघाली, तेव्हा मी उठून तोच खेळ जाहीर केला. परीक्षक अर्थातच मी. अट एकच: गोष्ट अमेरिकेत घडलेली आणि आपल्यातल्याच माणसाची हवी. इतकी वर्षं संध्याने या सगळ्यांना जेवू घातलंय. एकाच्या तरी तोंडून ती येईल, असा माझा डाव होता.

गिरीशने त्याच्या पहिल्या गाडीची गोष्ट सांगितली. ती मी आधीही बऱ्याचदा ऐकली आहे. कांचनने क्रूझवर हरवलेल्या दातांच्या कवळीची सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. मग नरेंद्र उठला. हा विद्यार्थी असताना रोज आमच्याकडे जेवायचा.

"हॅलोविनचा दुसरा दिवस होता," तो म्हणाला. "लोकांनी दारातले भोपळे फेकायला काढलेले. तर आपल्यातल्या एक बाई... म्हणजे होत्या एक..." त्याने माझ्याकडे बघून नजर वळवली. "त्यांनी मला शॉपिंग कार्ट ढकलायला लावली आणि घरोघरी जाऊन चांगले भोपळे मागून आणले. घारगे करायला! एका आजींना वाटलं, आम्ही कचरावालेच. मी लाजेने अर्धा झालो, यार. पण परत येताना त्या बाई मला म्हणाल्या..."

"त्या बाईंचं नाव संध्या होतं!" मी ओरडलो.

माझा आवाज इतका चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. नरेंद्रचा चेहरा पडला.

"सॉरी, राजाभाऊ. मी हा विषय काढायलाच नको होता."

"अरे, काढ की! मी चिडलो नाहीये. पुढे सांग. काय म्हणाली ती?"

"काही नाही हो. असंच काहीतरी. जाऊ द्या."

"नरेंद्र, सांग ना रे."

"नको राजाभाऊ, तुम्हाला उगाच त्रास होईल," कांचन मध्ये पडली. "चला, आपण अंताक्षरी खेळू."

नरेंद्र खाली बसला. कोणीतरी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशीचे घारगे मला ठाऊक होते. मी ऑफिसातून आलो तेव्हा ते टेबलावर होते, भोपळे कुठून आले ते मात्र मी विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती काय म्हणाली, ते ऐकायला मी नव्हतोच.

मागे कोणीतरी गाणं सुरू केलं. संध्याचं मी कधीही न ऐकलेलं एक वाक्य दोन सीट पुढे बसलेल्या माणसाकडे होतं आणि माझी दया येऊन तो ते सांगत नव्हता.